रस्ता पाण्याने मरतो

माझ्या कामाच्या टेबलावर रस्त्याचा एक तुकडा ठेवलेला आहे. गोल, तांब्याएवढ्या जाडीचा, वीतभर उंच. पुण्यातल्या एका पेठेत रस्त्याला यंत्राने भोक पाडून तो काढला होता. आमच्या भाषेत याला 'कोअर' म्हणतात. रस्त्यांच्या कामाची गुणवत्ता तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं होते, तेव्हा असे शेकडो कोअर हाताखालून गेले. हा एक मात्र मी ठेवून घेतला, कारण त्यात डांबराचे 5 थर स्पष्ट दिसतात, चिरोट्याच्या पदरांसारखे. खालचे 2 थर एकमेकांना असे चिकटलेत की सांध्यात नखही जात नाही. तिसऱ्या आणि चौथ्या थराच्या मध्ये मात्र मातीची एक बारीक, पिवळसर रेघ आहे. तुकडा बाहेर काढताना बरोबर त्या रेघेवरच तो दुभंगला.

त्या रेघेचा अर्थ सरळ आहे. कधीतरी एका रात्री नवं डांबर टाकण्याआधी जुना रस्ता नीट झाडला गेला नव्हता. धुळीवर डांबर बसलं, आणि वर-खालचे दोन थर एकमेकांशी कधी जुळलेच नाहीत. रस्त्यावरून जाणाऱ्याला हे कळायला काहीच मार्ग नव्हता. वरून रस्ता गुळगुळीत, काळाभोर. पहिल्या पावसात पाणी फटीतून त्या रेघेपर्यंत गेलं आणि वरचा थर पापुद्र्यासारखा सुटू लागला.

रस्त्याबद्दल बोलताना आपण सगळे डांबराबद्दल बोलतो. खरं तर डांबर हे रस्त्याचं छप्पर आहे. वजन पेलतात ते खालचे थर. सगळ्यात खाली मूळ जमीन, रोलरने दाबून घट्ट केलेली. तिच्यावर मुरूम किंवा जाड-बारीक खडीचा थर, ज्यातून पाणी बाजूला निघून जावं. त्याच्यावर पाणी मिसळून दाबलेल्या खडीचा थर. मग डांबरात घोळलेल्या जाड खडीचा थर, आणि सगळ्यात वर बारीक खडीचा, 3 ते 5 सेंटीमीटरचा थर, ज्यावर आपली चाकं फिरतात. वरच्या थरातही डांबर वजनाने 5 ते 6 टक्केच असतं. बाकी सगळा दगड. आपल्याकडे तो बहुतेक काळा कातळ, सह्याद्रीचाच.

(आपण ज्याला डांबर म्हणतो ते आज खरं तर बिटुमेन असतं, कच्चं तेल शुद्ध करताना सगळ्यात शेवटी उरणारा दाट भाग. मूळचं डांबर दगडी कोळशापासून निघायचं. कपाटातल्या डांबरगोळ्यांना ते नाव त्यावरूनच मिळालं. रस्त्यावरून ते डांबर गेलं, शब्द राहिला. मीही तोच वापरते.)

स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या जॉन मॅकाडमने 200 वर्षांपूर्वी एक गोष्ट ओळखली होती: वाहनाचं वजन शेवटी खालची जमीनच पेलते, आणि ती जमीन कोरडी राहिली तर कितीही वजन पेलते. आजही खडीच्या थरांच्या नावात 'मॅकाडम' हा शब्द आहे. रस्ताबांधणीतलं बाकी सगळं, मधून फुगीर आणि कडेला उतरता आकार, बाजूची गटारं, डांबराचा थर, हे त्या एका गोष्टीसाठी आहे. खालची जमीन कोरडी ठेवायची. महाराष्ट्रात तर हे दुप्पट महत्त्वाचं, कारण आपल्या मोठ्या भागात खाली काळी माती आहे. ती भिजली की फुगते, वाळली की आकसून भेगाळते. तिच्या अंगावरचा रस्ता दर वर्षी थोडा वर, थोडा खाली होत राहतो.

आता खड्डा कसा पडतो ते बघा. सुरुवात पाण्याने होत नाही, उन्हाने होते. डांबर ताजं असताना लवचीक असतं. ऊन आणि हवा लागून ते वर्षागणिक कडक होत जातं, रस्ता काळ्याचा राखाडी होतो. कडक झालेलं डांबर चाकाखाली वाकत नाही, तडकतं. केसाएवढी भेग पडते. तिथून पाणी आत शिरतं. वरून बसचं चाक आलं की आत अडकलेलं पाणी दाबलं जातं आणि सुटायला वाट शोधतं. ते पिचकारीसारखं भेगेतून वर येतं आणि येताना खालची बारीक माती घेऊन येतं. पावसात भेगांच्या कडेला मातकट रंगाची पुसट नक्षी दिसली तर समजा, खालचा थर वाहून चालला आहे. शिवाय हेच दाबलेलं पाणी खडी आणि डांबर यांच्या मध्ये घुसतं आणि खडीवरचा डांबराचा लेप सोलून काढतं. खाली पोकळी, वर सुटी खडी. मग एके दिवशी एका ट्रकखाली तो तुकडा आत बसतो, आणि आपण म्हणतो, काल इथे खड्डा नव्हता!

ट्रक मी सहज म्हटलं नाही. रस्त्याचं नुकसान वजनाच्या प्रमाणात वाढत नाही, त्याच्या कितीतरी पट वाढतं. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ 1958 ते 1960 या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवरून लष्करी चालकांनी ट्रक फिरवले, 11 लाखांहून जास्त वेळा आसाचा (दोन बाजूंची चाकं जोडणाऱ्या दांड्याचा) भार दिला, आणि रस्ता कसा खचतो ते मोजलं. त्यातून जगभर वापरला जाणारा एक ढोबळ नियम आला: आसावरचं वजन दुप्पट झालं की नुकसान जवळजवळ 16 पट होतं. तुमची-माझी स्कूटर रस्त्याला जवळपास काहीच करत नाही. खडीने भरलेला डंपर आणि पाण्याचा टँकर करतात. आपल्याकडे 2018 मध्ये चार टायरच्या एका आसावर कायद्याने चालणारं वजन 10.2 टनांवरून 11.5 टन केलं गेलं. ऐकायला वाढ किरकोळ वाटते, 13 टक्क्यांच्या आसपास. वरच्या नियमाने हिशोब केला तर पूर्ण भरलेल्या गाडीमागे रस्त्याची झीज 60 टक्क्यांनी वाढते.

आणि म्हणूनच बसथांब्यापुढे आणि सिग्नलपाशी रस्त्याला लाटा येतात. मे महिन्यात डांबराचं तापमान 60 अंशांच्या घरात जातं, ते मऊ होतं, आणि बस रोज त्याच जागी ब्रेक मारते. मऊ डांबर पुढे ढकललं जातं.

रस्ता नव्याने करायचा, म्हणजे वरचा थर बदलायचा, हे काम शहरात बहुधा रात्री चालतं. मी अशा कितीतरी रात्री रस्त्यावर काढल्या आहेत आणि मला ते काम मनापासून आवडतं, हे सांगून टाकते. आधी मिलिंग मशीन येतं. त्याच्या पोटाखाली एक फिरता ढोल असतो, त्याला कठीण धातूचे दात. ते जुना थर खरवडत जातं आणि चुरा पट्ट्यावरून थेट पुढच्या डंपरमध्ये पडतो. हा चुरा वाया जात नाही. त्यातली खडी आणि डांबर दोन्ही नव्या मिश्रणात पुन्हा वापरता येतात. मग झाडू आणि हवेचा फवारा. कोपऱ्यांतून, चेंबरच्या कडेने धूळ निघेपर्यंत. माझ्या टेबलावरच्या कोअरमधली पिवळी रेघ इथेच टळते किंवा इथेच पडते.

नंतर पातळ डांबराचा फवारा मारतात, दोन थरांमधला गोंद म्हणून. हे डांबर पाण्यात मिसळलेलं असतं, त्यामुळे पडताना त्याचा रंग चॉकलेटी दिसतो. पाणी उडून गेलं की काळा होतो. काळा होईपर्यंत थांबायचं. घाई करून चॉकलेटी रंगावरच पुढचा थर टाकला तर आत पाणी कोंडतं, आणि आपणच आपल्या हाताने रस्त्यात पाणी घातलं असं होतं.

मग येतो गरम माल. प्लांटमधून निघताना तो 150-160 अंशांवर असतो. तो पेव्हरच्या तोंडात पडतो, पेव्हर तो ठरल्या जाडीने पसरवत जातो, आणि मागोमाग रोलर. इथे सगळा खेळ तापमानाचा आहे. पसरताना माल 130 अंशांच्या खाली जायला नको, आणि 90 अंशांपर्यंत उतरायच्या आत दाबून व्हायला हवा. 4 सेंटीमीटरचा थर गार रात्री फार भराभर निवतो. पंधरा-वीस मिनिटांत रोलरला आपलं काम उरकावं लागतं. निवलेलं डांबर घट्ट बसत नाही. खडी आणि खडीमध्ये हवेच्या पोकळ्या राहतात. पोकळ्या 8 टक्क्यांच्या वर गेल्या की त्या एकमेकींना जोडल्या जातात, आणि वरून सुंदर दिसणारा रस्ता आतून चाळणी होतो. प्रयोगशाळेत आम्ही कोअर आधी हवेत आणि मग पाण्यात बुडवून तोलायचो ते या पोकळ्या मोजण्यासाठीच. तो आकडा हातात आला की या रस्त्याचे किती पावसाळे जातील याचा अंदाज यायचा.

एका रात्रीचा डंपर मला अजून आठवतो. वाटेत वाहतुकीत अडकून उशिरा आलेला, वर ताडपत्रीही नाही. मालात तापमापी खुपसली तर काटा 104 वर. मी वहीत नोंद केली, परत पाठवा म्हटलं. त्या रात्री माल परत गेला नाही. सकाळी वाहतूक सुरू करायची होती. रस्ता दिवाळीपर्यंत छान दिसला, पुढच्या जुलैत त्याच पट्ट्यातली खडी सुटून कडेला ढीग लागले. बरोबर एका डंपरच्या मालाने भरेल एवढा पट्टा. त्या खडीवरून घसरलेल्या मुलाला मी रिक्षात बसवून दिलं. तेव्हापासून 'नोंद केली' या शब्दांवर माझं समाधान होत नाही.

खरवडण्याचं काम टाळून थरावर थर चढवत गेलं की दुसरीच आपत्ती येते. सदाशिव पेठेतल्या माझ्या मावशीच्या घरात शिरायला लहानपणी आम्ही 3 पायऱ्या चढायचो. आता 1 पायरी उतरून आत जावं लागतं. घर खचलेलं नाही, रस्ता वर आला आहे. दर जूनला ती दाराला फळी लावते आणि फटीत जुनी पोती कोंबते. रस्ता उंच झाला की पावसाळी गटाराची तोंडं खोल खड्ड्यात जातात, पदपथाची उंची संपते, आणि पाणी जिथे उतार मिळेल तिथे, म्हणजे लोकांच्या घरात शिरतं. तमिळनाडूच्या मुख्य सचिवांनी 2021 मध्ये लेखी सूचनाच काढली होती की जुना थर खरवडल्याशिवाय नवा टाकू नये. आपल्या प्रत्येक महापालिकेच्या निविदेत ही अट शब्दशः असायला हवी आणि पाळली जायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

आता खड्डा बुजवणं. योग्य पद्धत अशी: खड्ड्याच्या बाहेरपर्यंत, चांगला भाग लागेपर्यंत, चौकोनी कापायचं. कडा उभ्या हव्यात. आतलं सगळं सुटं काढायचं, कोरडं करायचं, तळाला आणि कडांना डांबराचा हात फिरवायचा, माल भरायचा, कडेकडून मध्याकडे दाबायचा, आणि शेवटी सांध्यावर डांबर ओढून तो बंद करायचा. गोल खड्ड्यात फावड्याने खडी टाकून पुढे गेलं तर ती खडी चाकांबरोबर निघून जाते. भर पावसात कोरडं करणं शक्य नसतं, म्हणून न तापवता वापरता येणारं थंड मिश्रण वापरतात. मुंबई महापालिकेने ते वरळीच्या आपल्या डांबर प्लांटमध्ये तयार केलं आहे. ते तात्पुरतं मलम आहे, पावसाळा निभवायला ठीक. मास्टिक ही त्याहून मजबूत चीज. रस्त्याच्या कडेला धूर सोडणारा बंब उभा असतो ना, त्यात डांबर, चुनखडीची पूड आणि बारीक खडी 200 अंशांच्या आसपास तासन्‌तास शिजवतात आणि दाट आमटीसारखं ओततात. त्याला रोलर लागत नाही, आत पोकळ्या राहत नाहीत, पाणी शिरत नाही. महाग पडतं, म्हणून ते चौकात, पुलावर आणि बसथांब्यापुढे.

पण पुण्या-मुंबईत बरे चाललेले रस्ते मोडतात ते खोदाईने. पाण्याची वाहिनी, गॅस, वीज, इंटरनेटची केबल, प्रत्येकाचा चर वेगळा आणि वेळ वेगळी. चर खोदणं वाईट नाही, पाणी आणि वीज हवीच. चूक होते ती बुजवताना. 1 मीटर खोल चरात माती एकदम लोटली आणि वरून रोलर फिरवला तर फक्त वरची वीतभर माती दाबली जाते. खालची सैल राहते आणि पुढच्या पावसात बसते. 15-20 सेंटीमीटरचा एकेक थर टाकून, प्रत्येक थर यंत्राने ठोकून वर यावं लागतं. अरुंद चरात हे किचकट काम आहे, आणि एकदा वर डांबर पडलं की ते झालं की नाही हे कोणालाच दिसत नाही. चराच्या दोन्ही बाजूंचे सांधे म्हणजे पाण्याला दिलेली दोन सरळ दारं. चांगल्या रस्त्यातही हे जोड आयुष्यभर दुखत राहतात. यावर उपाय माहीत आहे: रस्ता करतानाच पदपथाखाली रिकामे पाइप टाकून ठेवायचे, म्हणजे पुढच्या केबलला रस्ता फोडावा लागत नाही.

काँक्रीटच्या रस्त्यावर हा प्रश्न जास्तच तीव्र होतो. मुंबईत सुमारे 2,050 किलोमीटर रस्ते महापालिकेकडे आहेत आणि जानेवारी 2023 मध्ये त्यातल्या सुमारे 400 किलोमीटरच्या काँक्रीटीकरणाचा पहिला टप्पा, सुमारे 6 हजार कोटी रुपयांचा, सुरू झाला. जिथे 4 महिन्यांत 2 हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे काँक्रीट नक्कीच शहाणपणाचं आहे. पाण्याने ते सुटत नाही, उन्हाने मऊ होत नाही, नीट केलं तर 25-30 वर्षं जातं. पण ते ओलं ठेवून आठवडेच्या आठवडे जपावं लागतं, आणि एकदा फोडलं की डांबरासारखं जुळत नाही. खालच्या सगळ्या वाहिन्या आधी बदलून घ्या, मग काँक्रीट ओता. हा क्रम उलटा झाला तर पैसा पाण्यात.

कोणता रस्ता आधी करायचा? आपलं उत्तर ठरलेलं असतं: सगळ्यात वाईट तो आधी. न्यायाचं वाटतं, आणि जिथे माणसं पडून मरतात तिथे ते करायलाच हवं. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास वारसांना 6 लाख, जखमींना 50 हजार ते अडीच लाख भरपाई द्यायला सांगितलं, ते योग्यच झालं. पण शहराचं रस्त्यांचं बजेट निव्वळ या नियमाने चालवलं तर रस्ते कधीच सुधारत नाहीत. कोकणातल्या जुन्या घरांची शाकारणी आठवा. घर गळत नसलं तरी पावसाळ्याआधी कौलं परतायची, फुटकी बदलायची. 2 वर्षं चुकवली तर पाणी वाशांवर येतं, वासे कुजतात, आणि मग कौलांवर भागत नाही, अख्खं छप्पर उतरवावं लागतं.

रस्त्याचं अगदी तसंच आहे. अमेरिकन लष्कराच्या अभियंत्यांनी 1970च्या दशकात रस्त्यांना 0 ते 100 गुण द्यायची पद्धत बसवली, आणि ती आता अनेक शहरं वापरतात. भेगा, लाटा, सुटलेली खडी मोजून गुण ठरतात. अशा मोजण्यांतून दिसतं ते असं की रस्ता आयुष्याचा बराच मोठा काळ हळूहळू घसरतो, आणि मग एका टप्प्यावर कड्यावरून कोसळल्यासारखा खाली जातो. कड्याच्या अलीकडे भेगा भरणं किंवा 4 ते 8 मिलिमीटरचा पातळ लेप देणं पुरतं. कड्याच्या पलीकडे गेलं की खालच्या खडीपासून सगळं उकरावं लागतं, आणि खर्च कित्येक पटींनी वाढतो. म्हणून जाणतं शहर चांगल्या दिसणाऱ्या रस्त्यावर खर्च करतं. लोक विचारतात, हा तर बरा होता, इथे का पैसे घालता? हा प्रश्न मला नागरिकांनीच नव्हे, नगरसेवकांनीही विचारला आहे. बरा आहे म्हणूनच.

पुण्यात या विषयावर कुठेही बोलणं निघालं की जंगली महाराज रस्ता येतोच. 1976 मध्ये रेकॉन्डो नावाच्या कंपनीने तो 10 वर्षांच्या हमीवर केला, त्या वेळी नव्या असलेल्या गरम मिश्रणाच्या पद्धतीने, आणि हमी संपून पुढची कित्येक दशकं तो टिकला. लोक त्यात काहीतरी गुपित शोधतात. मला नाही वाटत त्यात गुपित आहे. पायाचे थर, पाण्याचा निचरा, माल गरम असताना केलेला दाब, आणि खोदाईपासून राखलेला रस्ता, एवढं सगळं एका ठिकाणी जमलं की रस्ता टिकतोच. आज निविदांमध्ये दोषदायित्वाचा काळ लिहिलेला असतो, तेवढ्या वर्षांत रस्ता बिघडला तर कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा. आपल्या गल्लीच्या रस्त्याचा हा काळ कधी संपतो हे क्षेत्रीय कार्यालयात विचारता येतं, माहिती अधिकारात मागता येतं. कोअरचे निकालही मागता येतात.

पाऊस थांबून तास झाला की एकदा आपल्या रस्त्यावरून पायी फिरून या. जे डबकं अजून तिथेच आहे, तिथे उतार चुकलाय किंवा गटाराचं तोंड तुंबलंय. पुढच्या वर्षीचा खड्डा तिथे पडेल. आमच्या गल्लीत सध्या असं एकच ठिकाण आहे, पिठाच्या गिरणीसमोर. चेंबरच्या झाकणापासून निघालेली भेग आहे, हातभर लांब, 10 रुपयांचं नाणं उभं बसेल एवढी रुंद. फोटो आणि अर्ज मी मागच्या सोमवारी क्षेत्रीय कार्यालयात दिला. कनिष्ठ अभियंता तरुण मुलगी आहे, तिने फोटो मोठा करून बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, "मॅडम, कडेला माती येतेय का वर?" अजून येत नाही, असं मी तिला सांगितलं. गुरुवारी ती बघायला येणार आहे.